डावीकडचा दिवा

माझ्या दादाला आता एकच शब्द येतो, ‘चला’. चौतीस वर्षं बस चालवली, दिवसातून शंभरदा हा शब्द तोंडातून गेला, म्हणून असेल. अर्धांगवायूच्या झटक्याने बाकी सगळं पुसून नेलं आणि हा तेवढा मागे ठेवला. भूक लागली, चला. पाठ दुखते, चला. वहिनी चहात साखर घालायला विसरली, तरी चला. मला तो लहानपणापासून मिरची म्हणायचा, तेही गेलं. मला या सगळ्याचा भयंकर राग येतो, पण काढायचा कोणावर?

त्याला बोलायला शिकवणारी एक बाई आठवड्यातून दोनदा येते. ती पहिल्याच दिवशी मला आणि वहिनीला बाजूला घेऊन म्हणाली, “ते काय म्हणतात त्याच्या मागे लागू नका. त्यांच्या हाताकडे बघा. डोळ्यांकडे बघा.” मी समजल्यासारखी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

झटका आला तेव्हा दादा रंगवत बसला होता. त्याचा हा नाद जुना. बोटाएवढे योद्धे, बुटके, राक्षस आणायचे, भिंग लावून रंगवायचे आणि काचेच्या कपाटात रांगेने उभे करायचे. निवृत्त झाला तेव्हा डेपोतल्या मंडळींनी मिळून त्याला एक मोठा योद्धा दिला. दीड वीत उंच, डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण, खांद्यावर लांडग्याचं कातडं, हातात दुधारी कुऱ्हाड. वहिनी त्याला ‘पाहुणा’ म्हणते, कारण आला तो जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसला आणि घरातली दोन माणसं स्वयंपाकघरात उभ्याने जेवायला लागली. दादा मला फोनवर म्हणाला होता, “मिरचे, आयुष्यभर बोटाएवढे रंगवले. हा एक मनासारखा झाला ना, की बास. मग मागणं नाही.”

तो अर्धाच झाला. आपण समोर बसलो की योद्ध्याची डावीकडची बाजू पूर्ण रंगवलेली दिसायची आणि उजवीकडे नुसतं राखाडी अस्तर. नाकाच्या मधोमध रंग थांबला होता. ब्रश टेबलाखाली पडून रंगासकट कडक झाला होता.

“हे रोज त्याच्यासमोर जाऊन बसतात,” वहिनी मला म्हणाली. “तासन् तास. मला बघवत नाही गं. तुझा हात चांगला आहे. तू पूर्ण करशील का?”

माझा हात चांगला आहे, हे खरं. मी दातांच्या लॅबमध्ये आहे, सव्वीस वर्षं. डॉक्टर माप पाठवतात, आम्ही दात करतो. माझं काम शेवटचं: रंग जुळवायचा. शेजारच्या दाताला जी पिवळट झाक असेल, जो डाग असेल, टोकाला जी निळसर छटा असेल, ती नव्या कॅपमध्ये आणायची. जुळलं नाही तर कॅप परत येते. माझी कॅप परत येत नाही. हे मी कोणालाही सांगते, न विचारता सांगते.

“करते की,” मी म्हटलं. “अर्धा तर समोर आहे. दुसरा अर्धा तसाच करायचा.”

त्या रविवारी दुपारी मी माझे ब्रश घेऊन गेले. दादाची चाकांची खुर्ची टेबलाशी आणली. टेबलावर वाकत्या मानेचा दिवा होता, तो अगदी डावीकडे सरकवलेला आणि इतका खाली झुकवलेला की बल्ब टेबलाला टेकेल. मी तो उचलून मधोमध ठेवला. रंग जुळवायचा तर उजेड सगळीकडे सारखा पाहिजे, त्याशिवाय आमचं पान हलत नाही.

दादाने डावा हात उचलला, दिव्याची मान पकडली आणि तो परत डावीकडे ओढला.

“डोळ्यावर येतोय का?” मी विचारलं.

“चला,” दादा म्हणाला.

मी दिवा थोडा मागे घेऊन परत मध्ये ठेवला. त्याने परत ओढला. मग माझ्या लक्षात आलं, उजव्या हाताने काम करणारा माणूस दिवा डावीकडेच ठेवतो, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली पडते. एवढ्या वर्षांची सवय. हात गेला आणि सवय राहिली. मला इतकं भरून आलं की मी त्याच्यावरच खेकसले, “अरे, मला काम करू दे ना!” तेव्हा त्याने हात मांडीवर ठेवला.

रंग जुळवताना मला बरीच कोडी पडली. दादाने सगळं उलटंच केलं होतं. हनुवटीखाली उजेड आणि कपाळावर अंधार. भुवयांच्या खालच्या कडा नारिंगी. कातड्याच्या तपकिरी केसांत खालून वर जाणाऱ्या नारिंगी रेघा, केसासारख्या बारीक. कुऱ्हाडीच्या पात्याच्या खालच्या धारेला पिवळा. मी म्हटलं, असेल राक्षसांच्या मुलखाची काही रीत. आपल्याला काय, जुळवायचं. आणि मी जुळवलं. एकेक रेघ मोजून उजवीकडे आणली. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढे काय झालं ते कळावं म्हणून सांगते आहे.

दुसऱ्या रविवारी बाटल्यांच्या मागे मला बरणीचं एक झाकण सापडलं. त्यात काडेपेटीच्या जळक्या काड्या होत्या, मोडून बारीक केलेल्या. माझं डोकंच फिरलं. डॉक्टरांनी दहा वर्षांपूर्वी सिगारेट बंद केली होती, आणि हा गृहस्थ रंगवता रंगवता चोरून ओढत होता!

“वहिनी, हे बघा तुमच्या यजमानांचे उद्योग!” मी ओरडले आणि झाकण कचऱ्याच्या डब्यात उलटं केलं.

“चला!” दादा म्हणाला. “चला, चला, चला!” त्याचा चेहरा लाल झाला, डावा हात डब्याकडे गेला. चोरी पकडली की माणूस असाच चिडतो, असं मला वाटलं. वहिनी दारात येऊन म्हणाली, “अगं, यांनी कधी नाही ओढली. मला वास आला असता.” मी म्हटलं, “तुम्ही साध्या आहात.”

तिसऱ्या रविवारी योद्ध्याला उभं करायची जागा केली. दादाने एक गोल लाकडी चकती घेऊन त्यावर कॉर्कचे तुकडे चिकटवून खडकाळ जमीन बनवायला घेतली होती. काम स्वच्छ होतं, पण डावीकडे काठाशी त्याने एक खड्डा ठेवला होता, नखाएवढा, भोवती सात बारीक खडे. खड्ड्यात काळा रंग सांडलेला. मी ते बघत होते तेवढ्यात दादाने हात पुढे केला आणि बरोबर त्या खड्ड्यात बोट ठेवलं. एकदा नाही, तीन-चार वेळा. मग माझ्याकडे बघितलं.

“दिसला रे बाबा मला,” मी म्हटलं. “बुजवते.”

आणि बुजवला. पुट्टी भरली, घासून सपाट केली, खडे काढून टाकले. वर पातळ गोंद लावला, वाळू भुरभुरली, ओली असतानाच करडा रंग दिला आणि चिमट्याने सुक्या गवताची झुपकी लावली. खड्डा दिसला की बुजवायचा हे आमच्या रक्तातच आहे. योद्ध्याच्या पायांना तार घालून त्याला वर पक्का बसवला आणि सगळ्यावर वार्निशचा हात दिला. दादा त्या दिवशी दिव्याला हात लावायला गेला नाही. मला वाटलं, सवय सुटली.

चौथ्या रविवारी दुपारी वहिनीने टेबल रिकामं केलं, धुतलेला टेबलक्लॉथ घातला आणि मी योद्धा मधोमध ठेवला. दोन्ही बाजू तंतोतंत. कुठे दादाचा हात संपतो आणि कुठे माझा सुरू होतो, हे मलाच भिंगाशिवाय सांगता आलं नसतं. वहिनीने टाळ्या वाजवल्या. “पाहुणा सजला गं बाई!” ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

दादाने योद्ध्याकडे बराच वेळ बघितलं. मग त्याने एका हाताने खुर्ची खिडकीपाशी नेली आणि पडदा ओढला. खोलीत अंधारून आलं. परत टेबलाशी आला. दिव्याची मान धरली, डावीकडे नेली, खाली खाली वाकवली, बल्ब टेबलाला टेकेपर्यंत. आणि बटण दाबलं.

डावीकडची बाजू पेटली. दुसरा शब्द मला सापडत नाही. हनुवटीखालचा नारिंगी, भुवयांच्या कडा, कातड्यातल्या रेघा, कुऱ्हाडीची धार, सगळ्यांना एकदम कारण मिळालं. खालून, जमिनीवरून, कशाचा तरी उजेड त्या चेहऱ्यावर पडला होता. आणि उजवीकडे, जिथे काळोख असायला हवा होता, तिथे माझे नारिंगी पट्टे उगाच चमकत होते. त्यांना उजेड देणारं तिकडे काहीच नव्हतं. अर्धा चेहरा जिवंत होता आणि अर्ध्यावर मी खोटा दात बसवला होता.

दादाने गवताच्या झुपक्यावर बोट ठेवलं. नखाने खरवडायला लागला. तिथे आता काही नव्हतं.

“शेकोटी,” मी म्हटलं. “दादा, इथे शेकोटी होती. त्या काड्या…”

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. चार रविवार हा माणूस एका हाताने जेवढं सांगता येईल तेवढं सांगत होता, आणि मी त्याला दटावत होते, सवय म्हणून सोडून देत होते, चोर ठरवत होते. बोलायला शिकवणाऱ्या बाईने सांगितलं होतं, हाताकडे बघा. मी माझ्याच हाताकडे बघत बसले.

“उजवीकडे सगळा काळोख करायचा होता का? की थोडा चंद्राचा निळा? दादा, किती काळं? मी करते. आत्ता करते.” मी कागदावर रंगांचे पट्टे ओढले, काळा, निळसर काळा, करडा, जांभळट. एकेकावर बोट ठेवून विचारलं, “हा?”

“चला,” दादा म्हणाला. प्रत्येक पट्ट्याला, एकाच सुरात. बोट पुढे आलं नाही. त्याच्या डोक्यात तो काळोख कसा होता, ते आता कोणालाच कळणार नव्हतं. अंदाजाने काही करायची माझी छाती झाली नाही.

मग मी मला येत होतं तेवढंच केलं. स्पिरिट, कापूस आणि माझी दात कोरायची हत्यारं घेऊन माझा रंग उतरवला. तीन रविवार लागले. नाकापाशी, जिथे त्याचा रंग माझ्या रंगाला भिडला होता, तिथे श्वास रोखून कोरलं, तरी त्याच्या बाजूचा केसाएवढा रंग निघून आलाच. तो मी परत लावला नाही. पुट्टी पोखरून खड्डा मोकळा केला. खडे सापडले नाहीत, म्हणून गल्लीतून बारीक वेचून आणले, सातच. काडेपेटी घेऊन काड्या जाळल्या, मोडल्या आणि झाकणात भरल्या. आधी किती होत्या, ते मला माहीत नव्हतं. फेकताना कोण मोजतं? वहिनी नेहमीसारखा चहा आणून द्यायची. मला कोणीतरी चार शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं.

आज दुपारी सगळं होतं तसं मांडलं. अर्धा योद्धा, राखाडी अर्धा, रिकामा खड्डा, झाकण, आणि त्याचा धुऊन मऊ केलेला ब्रश. दादाला खुर्चीसकट समोर आणलं. पडदा ओढला. आणि दिवा मी मुद्दाम मधोमध ठेवला, डोळ्यावर येईल असा, अगदी चुकीचा.

त्याने तो ओढावा म्हणून मी बसून राहिले. त्याच्या हाताकडे बघत होते, दुसरीकडे कुठेच नाही. डावा हात मांडीवर होता. बोटं किंचित मिटलेली, नखं वहिनीने कालच कापलेली.

“दादा,” मी म्हटलं, “उजेड बरोबर आहे का रे?”

“चला,” दादा म्हणाला.

मी दिवा आणखी उजवीकडे सरकवला, म्हणजे तरी त्याला चीड येईल. मग आणखी उजवीकडे. वहिनी चहा घेऊन आली, तो त्याने डाव्या हाताने घेतला, प्यायला आणि कप टेबलावर ठेवला. दिवा तिथून वीतभर लांब होता. हात परत मांडीवर गेला.