भाऱ्याचं पोट

कमळूच्या अंगात चलाखी नावाला नव्हती, पण गवताचा भारा बांधावा तर त्यानंच. शेणव्याजवळच्या त्याच्या कातकरवाडीत हे पोरंसोरंही कबूल करत. वरून पाहावं तर पिवळंधमक गवत, विंचरल्यासारखं एकसारखं. आत मात्र रानतुळस, काटेकुटे, ओला पाला. याला वाडीत ‘पोट भरणं’ म्हणत. दिवसाला आठ भारे कापणारा गडी पोट भरून दहा करी. सगळेच करत, त्यामुळे कुणालाच लाज वाटत नसे.

कमळूला मात्र हल्ली वाटू लागली होती. तीन वर्षं तो आणि त्याची बायको लहानी प्रार्थनेला जात होते. विनोद पास्टर वाशिंदच्या एका कारखान्यात कामाला. रविवारी स्कूटरवरून येऊन ते वाडीतल्या धाकलूच्या पडवीत प्रार्थना घेत. त्या रविवारी त्यांनी कष्टाचा विषय काढला.

“चोरून खाऊ नका. कुणापुढे हात पसरू नका. आपल्या हातांनी काम करा आणि पोट भरा. पोट भरण्यात कसलं आलंय पाप? देवाला ते आवडतं!”

पडवीत सगळ्यांनी हुश्श केलं. लहानीनं नवऱ्याला कोपर मारलं. “ऐकलंस ना? देवाला आवडतं.”

कमळूच्या छातीवरची धोंड उतरली. एवढा शिकलेला माणूस, पण गरिबाची अडचण कशी ओळखली यानं, म्हणून त्याचे डोळे भरून आले. सोमवारपासून तो अगदी भक्तिभावानं पोटं भरू लागला. दहाचे बारा भारे झाले.

आणि त्याला बारा हवेच होते. माळाचे मालक सावळारामशेट यांनी ठरवून दिलेले भारे वेळेत पुरे झाले, तर शिमग्यापर्यंत त्यांच्या गवताच्या वखारीवर काम मिळणार होतं. नाहीतर वीटभट्टीचा मुकादम टेम्पो घेऊन दारात येणारच होता. मग चंबूगबाळं आवरून भिवंडीकडे जायचं, आणि नववीतल्या पोरीची, वर्षाची शाळा पुन्हा सुटायची. आधी दोनदा सुटली होती. पोरगी तक्रार करत नसे, नुसती वह्या कपड्यात गुंडाळून ठेवी. बापाला तेच सोसत नसे.

पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपल्यावर पास्टर कौतुकानं माळावर आले. म्हणाले, बघू तरी तुझा भारा उचलून. उचलला, आणि हातात भला मोठा काटा घुसला.

“हे काय रे आत?”

“पोट. तुमीच बोल्लात ना, पोट भरा, देवाला आवडतं?”

पास्टरांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा हसता हसता ते खालीच बसले. मग कमळूचा चेहरा पाहून हसू अर्ध्यातच विरलं.

“कमळूदादा, मी भाकरीचं बोलत होतो रे. चूक माझी. मला तुमचा शब्द ठाऊक नव्हता.”

कमळूनं त्यांच्या हातातला काटा काढला. मग म्हणाला, “शब्द तुमाला ठाव नव्हता. पन आत काय घातलंय, ते मला ठाव होतं.”

तो तसाच शेटच्या घराकडे निघाला. लहानी मागून धावली. “अरे येड्या, काम जाईल! पोरीची शाळा जाईल!” तिचं काय चुकलं? पण तो गेला.

सावळारामशेट ओटीवर सुपारी कातरत होते. कमळूनं उभ्यानंच सांगून टाकलं, “शेट, माळावर साठ भारे हायेत. समद्यांना पोट हाय. सोडून परत बांधून देतो. चाळीसबी व्हनार नाय.”

शेटनी अडकित्ता खाली ठेवला. “मला काय ठाव नाय होय रे? पोट असतं म्हणून तर दर भाऱ्यामागं पैसे कापतो मी. माझा बापपन कापायचा.” ते थांबले. चिडल्यासारखे झाले, पण कुणावर ते त्यांनाच उमगेना. “आता तू पोट काढनार. मग मी कापू कशाचे?”

शेटनी पुन्हा अडकित्ता उचलला.

“जा, बांध परत. पुरे पैसे देईन. पन वाडीत बोलू नको, नायतर समदे पुरे मागतील.”

“आपन होऊन नाय बोलनार, शेट. पन कोनी विचारलं तर खोटं नाय बोलता येनार.”

शेट त्याच्याकडे बघतच राहिले. “ठरलेले भारे काय आता वेळेत होत नाय तुझे,” ते म्हणाले. “राहू दे. वखारीवर मला असाच येडा पायजे.”

मुकादमाचा टेम्पो आठवड्यानं आला. लहानीनं दारातूनच सांगितलं, औंदा आमी नाय येत. वर्षा घरात नव्हती. शाळेला गेली होती.