गायकवाड आर. बी.

२००४ साली प्रज्ञा गायकवाड पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करता करता पीएच.डी. करत होती. विषय घरी समजावून सांगायचा तर ती म्हणायची, "कोणी कोणाबरोबर लेख लिहिले, ते मोजायचं." पिकांवरच्या रोगांबद्दल महाराष्ट्रात वीस वर्षांत जे शोधलेख छापून आले, ते सगळे तिनं गोळा केले होते. एक लेखक म्हणजे कागदावर एक ठिपका. दोघांनी मिळून लेख लिहिला की त्यांच्यामध्ये एक रेघ. मग त्या रेघांवरून कोण कोणापासून किती लांब, ते काढायचं.

पिकांवरचे रोगच का घेतले, हे तिनं मार्गदर्शक मॅडमना सांगितलं नव्हतं. तिचा थोरला भाऊ रुपेश कांद्यावरच्या करप्याचा अभ्यास करायचा. महाळुंगे पडवळच्या घरच्याच वावरातली डाग पडलेली पात तो वर्तमानपत्रात दाबून पुण्याला न्यायचा. १९९७च्या फेब्रुवारीत आळेफाट्याजवळ त्याच्या जीपला ट्रकनं ठोकरलं. सव्वीस वर्षांचा होता. तो गेल्यावर चार महिन्यांनी त्याचा लेख छापून आला. पाच पानं, तीन नावं, मधलं त्याचं.

कॉम्प्युटरनं लेखकांची पहिली यादी काढून दिली तेव्हा तिनं आधी तेच नाव शोधलं. 'गायकवाड आर. बी.' समोर आकडा होता नऊ. लेखांची सालं १९९७ ते २००३.

दुसरा कोणीतरी आर. बी. गायकवाड असणार, हे तिला त्याच मिनिटाला कळलं. गायकवाड काय थोडे आहेत? तरी ती बराच वेळ त्या ओळीवरून बोट काढीना.

दिवाळीच्या सुट्टीत तपासायला म्हणून ती यादी घेऊन ती गावी गेली. आबांना, म्हणजे बाजीरावांना, इंग्रजी अक्षरं लावून वाचता यायची. त्यांनी चष्मा लावून यादी चाळली आणि त्या ओळीपाशी थांबले.

"ह्यो आपला रुपेश?"

नाही म्हणायला प्रज्ञाला एक शब्द पुरला असता.

"नऊ लेख!" आबा म्हणाले. "आमाला तर एकच ठावं व्हता."

आई, द्रौपदाबाई, पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "गेल्यावर कसं लिहील त्यो?"

"आगं, लिवून ठिवलं असंल. छापायला वर्सं जात्यात."

तो कागद घेऊन आबा बाहेर पडले. शेजारचे बागाईतदार सावळाराम, तालमीजवळची माणसं, दूध डेअरी, सगळीकडे जाऊन आले. परतले तेव्हा ताठ चालत होते. सात वर्षांत आबांना असं चालताना प्रज्ञानं पाहिलं नव्हतं. तिची जीभ मग उचललीच नाही.

सुट्टी संपल्यावर तिनं लेखांच्या तळटीपा बघितल्या, पत्ता शोधला आणि मराठवाड्यातल्या एका कॉलेजला फोन लावला. रखमाजी बहिरू गायकवाड नावाचे प्राध्यापक लाइनवर आले.

"आठ माझेच, मॅडम," ते म्हणाले. "सत्त्याण्णवचा तो माझा नाही. पण पाठ आहे म्हणा ना मला. माझ्या तीन लेखांत त्याचा आधार घेतलाय मी. कोण हा मुलगा? पुढं काहीच आलं नाही त्याचं."

"नाही आलं, सर."

"नोकरीबिकरीला लागला असेल. हुशार पोरं अशी निघून जातात बघा."

"हो," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

त्याच दुपारी तिनं एका नावाची दोन नावं केली. रखमाजींचे आठ, रुपेशचा एक. पुढच्या आठवड्यात मॅडमनी नवी यादी पाहिली.

"एकच लेख असलेले किती जण आहेत?"

"दोनशे चौदा."

"ते सगळे काढ. एकदा लिहून गेलेल्यांनी नकाशा नुसता गढूळ होतो."

"मॅडम, त्यात माझा भाऊ आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. तिनं सगळं सांगितलं, त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. शेवटी हळू आवाजात म्हणाल्या, "एकाला ठेवलंस तर उरलेल्या दोनशे तेरांचं काय? परीक्षक पहिला हाच प्रश्न विचारतील."

"त्याच्या लेखाचा आधार घेतलाय लोकांनी."

"तुझा विषय आधार कोणी घेतला हा नाही गं. सोबत कोणी लिहिलं, हा आहे."

त्यांचं चुकत नव्हतं. दुसऱ्या गावच्या दुसऱ्या कोणाचा भाऊ असता, तर प्रज्ञानं विचारलंही नसतं. तिनं नियम लावला आणि दोनशे चौदा ठिपके एकदम गेले. रुपेशच्या लेखातली बाकीची दोन नावं मात्र नकाशात होती. त्यांच्यातली रेघ जिथल्या तिथं होती, तसूभरही हलली नव्हती. तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जाऊन रडली.

डिसेंबरात ती गावी गेली. आबा वाफ्यातली कांद्याची रोपं उपटून जुड्या बांधत होते. तिनं उभ्यानंच सांगून टाकलं.

"म्हंजी आठ दुसऱ्याचं."

"हां, आबा."

"आन आपला योक?"

"तो यादीत बसत नाही. एकच लेख असलेल्यांची नावं काढावी लागतात."

"कुणी काढलं?"

"मी."

आबांनी हातातली जुडी बांधून पुरी केली, पाय धुतले आणि टोपी घातली. ती त्यांच्या मागं गेली. सावळाराम ओट्यावर बसले होते. आबा पायरीशीच थांबले.

"सावळारामभाऊ, त्या दिशी मी नऊ म्हनलो व्हतो. त्यातले आठ आमचे न्हाईत. योकच हाय."

"आसू द्या की बाजीराव," सावळाराम हसले. "नऊ काय आन योक काय, आमाला कुटं कळतंय त्यातलं? च्या घ्या."

आबांनी चहा घेतला नाही. परतताना ते प्रज्ञाच्या चार पावलं पुढं चालले आणि घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून पडले. त्यानंतर तिच्या अभ्यासाबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. ती घरी आली की पिकाचं बोलायचे, पाण्याचं बोलायचे.

दोन वर्षांनी तिला पदवी मिळाली. समारंभाला आबा आले नाहीत. कांद्याची लागण चालू आहे म्हणाले. आई एकटी एस.टी.नं आली आणि मागच्या रांगेत बसून राहिली. समारंभ झाल्यावर बाहेरच्या कट्ट्यावर तिनं तो जाड प्रबंध मांडीवर घेतला.

"ह्यात त्याचं नाव कुटंच न्हाई?"

"नाही. एका पानावर एवढंच आहे, की एकच लेख असलेले दोनशे चौदा लेखक वगळले."

"दाव ते पान."

प्रज्ञानं काढून दिलं. आईला इंग्रजी येत नव्हतं. दोनशे चौदा हा आकडा कुठे आहे, एवढं तिनं विचारून घेतलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"लई हायेत गं," ती म्हणाली.

मग दोघी गावाकडे जायला मंचरच्या गाडीत बसल्या. खिडकीजवळची जागा आईला मिळाली. चाकण गेलं, खेड गेलं, तरी त्या पानात बोट घालून तिनं प्रबंध मांडीवरच धरला होता.