बुलंदभाईचा सूर

दिलावर कव्वाल गेले तेव्हा महाडची अर्धी बाजारपेठ बंद राहिली होती. लग्न असो की उरूस, त्यांच्या आवाजाशिवाय इकडच्या मांडवाला शोभा नसायची. मुंबई-सुरतेचे लोक गाड्या करून ऐकायला यायचे. ते गेले आणि त्यांची बायको हफिजा घरात असून नसल्यासारखी झाली. सून नौशीन विचारील तेवढ्याचं ती उत्तर द्यायची, बाकी गप्प. मुलगा ताबिश कतारला नोकरीला. फोनवर त्याच्याशीही ती जेवलास का, झोपलास का, यापुढे जात नसे.

अशात टीव्हीवर दर रविवारी लागणाऱ्या एका विनोदी कार्टूनमध्ये बुलंदभाई नावाचा कव्वाल आला. नाव बदललेलं, पण ती मेंदी लावलेली लाल दाढी, ते पोट, गाण्याआधी चहा मागण्याची ती पद्धत. महाडात कुणाला सांगायची गरजच पडली नाही. ताबिशला दोस्तांकडून कळलं तेव्हा तो भडकला. वकील लावतो म्हणाला, आणि तोवर अम्मीच्या कानावर काही जाऊ देऊ नकोस, अशी बायकोला ताकीद दिली. नौशीनने रिमोटचे सेल काढून ठेवले आणि टीव्ही बिघडलाय असं सांगून टाकलं.

पण दारावर येणाऱ्या मैना कोळणीला हे कुठे ठाऊक? बोंबील मोजताना ती हफिजाला सहज म्हणून गेली की तुमचे कव्वालसाहेब टीव्हीवर येतात, आमच्या घरी सगळी हसून लोळतात. मग नौशीनचा चेहरा बघून तिने पाटी उचलली आणि वाट धरली.

हफिजाने सुनेला समोर बसवलं. "दाव मला," एवढंच म्हणाली.

नौशीनने मोबाइलवर लावून दिलं. बुलंदभाई चहाचा कप तोंडाला लावायचा, गार म्हणून परत द्यायचा. वरची तान घेताना पोट फुगायचं आणि शेरवानीचं बटण उडून तबलजीच्या कपाळावर बसायचं. हफिजाच्या ओठांचे कोपरे हलले. गार चहाचं यांना कुणी सांगितलं, असं तिने विचारलंसुद्धा. सासूने आपण होऊन काही विचारल्याला किती दिवस झाले होते, नौशीनला आठवेना. मग बुलंदभाईने सूर लावला, तो चिरकला, झाडावरचे कावळे उडाले आणि मागे हशा पिकला. हफिजाने मोबाइल पालथा घातला.

नौशीनने वकिलाचंही सांगून टाकलं, तेव्हा हफिजाने ताबिशला निरोप दिला की वकिलाचं राहू दे, हा आवाज काढणारा कोण आहे तेवढं शोध. आवाज काढणारा निघाला सुशांत, पोलादपूरच्या वरच्या वाडीतला, आता मुंबईत राहणारा. ताबिशने फोनवर त्याला बरंच सुनावलं. सुशांत गावी येणारच होता, तो वाटेत महाडला उतरला आणि हफिजाच्या दारात येऊन उभा राहिला. तरणा, सडपातळ पोरगा. पाया पडू की नको, अशा घोटाळ्यात पडलेला.

हफिजाने त्याला बसवलं, खायला दिलं. तो माफी मागू लागला तशी ती म्हणाली की आधी जेव. जेवता जेवता त्याने सांगितलं, लहानपणी पोलादपूरला बापाच्या खांद्यावर बसून साहेबांना ऐकलं होतं. घरी जाऊन गोधडीची शेरवानी करायचो, आईला चहा मागायचो, गार म्हणून परत करायचो. नकला करायला शिकलो तो तिथूनच.

"पोटाला हस," हफिजा म्हणाली. "दाढीला हस. चहापायी त्यांनी मला लय छळलंय, त्यालाबी हस. पन माझा मानूस बेसूर कधी नाय झाला रे. ताप अंगात होता तेव्हा बी नाय."

सुशांतने मान खाली घातली. चिरकण्यावरच लोक हसतात, लिहिणारे दुसरे आहेत, माझ्या हातात फार नाही, असं तो चाचरत म्हणाला.

"तुला सुरात येतं काय?"

त्याने खरकटा हात तसाच धरून, डोळे मिटून एक ओळ म्हटली. स्वयंपाकघरात नौशीनच्या हातातलं भांडं तिथंच थांबलं. हफिजा दाराच्या चौकटीकडे बघत राहिली. ओळ संपली. मग तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"सांगून बघतो, चाची," निघताना तो म्हणाला.

काही रविवार तसेच गेले. मग एकदा त्याचा फोन आला, आज बघा म्हणून. नौशीनने रिमोटमध्ये सेल घातले, आणि ताबिशला मोबाइलवर घेऊन पडद्यासमोर धरलं. बुलंदभाईने चहा परत केला. पोट फुगलं. आणि सूर लागला तो असा स्वच्छ, गोल, की कार्टूनमधली सगळी गल्ली कामं टाकून उभी राहिली. तान पार वर पोचली तेव्हा कुठे बटण उडालं. तबलजी आडवा झाला. बुलंदभाई मात्र गातच राहिला.

हफिजा हसली. ओढणी तोंडावर धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नौशीनही हसत होती. मोबाइलमध्ये ताबिश तेवढा हसत नव्हता.

"अब्बा एवढे जाडे नव्हते गो अम्मी," तो शेवटी म्हणाला.

"व्हते," हफिजा डोळे पुसत म्हणाली. "शेवटी शेवटी झालेले. तू तेव्हा तिकडं व्हतास, बाळा."

आणि मग कितीतरी वेळ ती त्याला त्याचा बाप सांगत बसली.