सातव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण

धाकट्याचा फोन आला तेव्हा ताई पडदे धुवायला काढत होती. एकोणीस वर्षांत भावाने स्वतःहून केलेला हा सहावा की सातवा फोन, आणि त्यातले निम्मे कुणीतरी गेल्याचे. या वेळी कुणी गेलं नव्हतं. त्याच्या रहस्यकथांची सगळी मालिका नव्याने छापली जाणार होती.

"ताई, पहिली सहा पुस्तकं तुझ्याशिवाय झालीच नसती. कुठलं औषध किती दिलं की माणूस आटोपतो, सगळं तूच तर सांगितलंस. प्रस्तावनेत तसं लिहितोय. तू फक्त परत एकदा वाच आणि चार ओळी दे. शनिवारी येतो न्यायला."

हो म्हणून ताईने फोन ठेवला आणि स्वतःवरच चरफडली. चौतीस वर्षं रुग्णालयात नर्स म्हणून काढली, भल्याभल्या डॉक्टरांना सुतासारखं सरळ केलं, पण या एका माणसाला नाही म्हणायची वेळ आली की हिची बोलती बंद.

तिने वाचनालयातून पुस्तकं आणली. पहिली सहा पाच दिवसांत संपवली, आणि खोटं कशाला बोला, मजाही आली. तो खोकणारा फौजदार होता तसाच होता. धागा सापडला की त्याला ढास लागायची आणि गुन्हेगाराला घाम फुटायचा. तिने सांगितलेली विषं मात्रेसकट जिथल्या तिथे होती.

मग आलं सातवं, 'गोड हात'. हे तिने एकोणीस वर्षांपूर्वी अर्ध्यावर मिटलं होतं आणि पुढचं एकही उघडलं नव्हतं. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि भावाच्या पुस्तकात एक बिनलग्नाची नर्स आजारी आईची औषधं चुकवून तिला मारत होती. तिचा भाऊ मात्र साळसूद, आईच्या उशाशी बसून डोळे पुसणारा! पुस्तक धो धो खपलं. ताईला रुग्णालयात 'गोड हात' हेच नाव पडलं. ती औषधांचा ट्रे घेऊन वॉर्डात शिरली की कुणीतरी मुद्दाम खोकायचं. एका पेशंटच्या मुलाने "या बाई नकोत" म्हणून तिला इंजेक्शन देऊ दिलं नाही. मेट्रनची जागा रिकामी झाली ती हिच्याहून सात वर्षांनी लहान बाईला मिळाली.

तरी ताईने ते पोटात घातलं. लेखक आहे, बेफिकीर आहे, त्याच्या मनात काही नसेल. शिवाय आपण त्याच्यासाठी काय केलं ती खरी गोष्ट त्याला ठाऊकच नाही, असं ती धरून चालली होती.

खरी गोष्ट अशी. आईच्या शेवटच्या दिवसांत एका मोठ्या अपघातातले जखमी आले आणि ताईला सलग दोन दिवस घरी येता आलं नाही. आईला दिवसातून तीन वेळा औषध द्यायचं काम धाकट्याकडे होतं. तो दोन्ही दिवस बाहेरून कुलूप लावून प्रकाशकाकडे जाऊन बसला. ताई आली तेव्हा गोळ्या डबीत तशाच होत्या, आईचे ओठ कोरडे पडले होते, आणि भिंतीवरच्या औषधाच्या तक्त्यात सहा चौकोन रिकामे. डॉक्टर यायचे होते. त्यांच्यासमोर धाकट्याची शोभा नको म्हणून ताईने बसल्या बैठकीला सहाही चौकोन भरून टाकले. चौथ्या दिवशी आई गेली. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. धाकट्याला तर नाहीच. तो जन्मभर मनाला लावून घेईल म्हणून.

शुक्रवारी दुपारी तिने पुस्तक पहिल्यांदा शेवटापर्यंत नेलं. शेवटच्या प्रकरणात फौजदार तक्ता हातात घेतो आणि त्याला ढास लागते. 'हे सहा चौकोन औषध न देताच भरलेत,' तो म्हणतो, 'आणि सगळे एकाच बैठकीत. ज्या हाताने भरले, त्याच हाताने मारलं.'

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे धाकट्याला सगळं कळलं होतं! चौकोन कुणी भरले, कुणासाठी भरले, सगळं. तिने त्याच्यावर पांघरूण घातलं होतं आणि त्याने त्याचाच पुरावा करून तिला चारचौघांत खुनी ठरवलं होतं.

शनिवारी तो आला. ताईने पाणीसुद्धा विचारलं नाही.

"झाल्या का ओळी?"

"झाल्या. प्रस्तावनेत घाल. 'आई दोन दिवस कुलपात होती. कुलूप मी लावलं. तक्ता ताईने माझ्यासाठी भरला.' आणि खाली सही कर."

धाकट्याचा चेहरा पडला. "ताई, ती गोष्ट आहे गं नुसती."

"मला लोक वॉर्डात खोकून दाखवायचे, तीही गोष्टच का?"

"मला तुझा राग आला होता. तू एका शब्दाने बोलली नाहीस. शिव्या घातल्या असत्यास तर..."

"म्हणजे परत खापर माझ्याच डोक्यावर!"

धाकट्याचे डोळे भरून आले. ताईला वाटलं, आता म्हणेल. चुकलो, एवढंच म्हणू दे, बाकी काही नको. त्याचा हात खिशात गेला आणि छोटी वही घेऊन बाहेर आला.

"ताई, हे भन्नाट आहे," तो म्हणाला. आवाजात एकदम जीव आला होता. "प्रस्तावना कसली, अख्खं पुस्तक होईल! फौजदाराचा निकालच चुकला होता, आणि ते त्याला म्हातारपणी कळतं. मला सांग, तू कुलूप उघडलंस तेव्हा आई पहिलं काय म्हणाली?"

डोळे अजून ओले, आणि पेनाचं टोपण निघालेलं.

आई काय म्हणाली ते ताईला लख्ख आठवत होतं. धाकटा जेवला का, असं तिने विचारलं होतं. कधीतरी तो रडत येईल, तेव्हा त्याला सांगायचं म्हणून ताईने ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

"उठ," ती म्हणाली. "चालता हो. माझं नाव कुठेही छापलंस तर याद राख."

तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि वळला. "बरं, नाही छापत. पण आई काय म्हणाली, तेवढं तरी सांग."

"काही म्हणाली नाही," ताईने सांगितलं आणि त्याच्या तोंडावर दार लावलं.