नुआलाबाईंची बोलणी

माझ्या गाईड नुआलाबाई आत माझ्याच वर्गातल्या नायलला झापत होत्या आणि बाहेर बाकावर बसून मी जळफळत होते. दार लावलेलं होतं, पण बाईंचा आवाज दाराला जुमानणारा नव्हता. "याला पुरावा म्हणतात? दोन महिने झोपला होतास का?" नायल बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते आणि हातातले कागद त्याहून लाल. माझ्याकडे बघून तो कसनुसं हसला आणि गेला.

मग माझी पाळी. बाईंनी माझ्या प्रबंधाचं प्रकरण माझ्याकडे सरकवलं. पानं कोरीकरकरीत, शेवटी पेन्सिलीनं एकच शब्द, 'लव्हली'. "छान झालंय, मृणालिनी. अगदी ग्रँड. आणि तुमचे ते लाडू! माझ्या बहिणीनं डबाच संपवला." पाच मिनिटांत मी बाहेर.

मी पुण्यात नऊ वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं. कुणाची वही आपण लाल करतो आणि कुणाला 'छान छान' म्हणून वाटेला लावतो, हे मला कुणी शिकवायला नको. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याच्यावर शाई कोण वाया घालवतं?

हे २००३ सालचं. माझा नवरा गुरुनाथ इथे कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, आमचं घर डब्लिनच्या पश्चिमेला ल्यूकनमध्ये, आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली 'डिपेंडंट'. पुण्यात मृणालिनी मॅडम आल्या की वर्ग गप्प व्हायचा. इथे मला नोकरीची परवानगी नव्हती. शिकायची होती, म्हणून विद्यापीठात भाषाशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. जूनमध्ये विभाग एकाच विद्यार्थ्याला पीएच.डी.साठी घेणार होता, वर पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचं काम. ते मिळालं तर मी या देशात कुणाची तरी बायको म्हणून नव्हे, माझ्या कामावर राहणार होते. मला ते हवंच होतं. आणि ते मला मिळायला हवं, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. शंका होती ती बाईंच्या मनाची.

माझा विषय होता 'गिव्ह आउट'. शब्दशः पाहिलं तर 'बाहेर देणं'. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत याचा अर्थ जाहीर करणं, चारचौघांत सांगणं, कधीकधी आवई उठवणंसुद्धा. मग वाटप करणं. मग संपून जाणं, दगा देणं. म्हातारपणी गुडघे 'गिव्ह आउट' करतात ते हे. आणि आयर्लंडमध्ये आलात की त्याचा अर्थ रागावणं. आई पोराला ओरडली की 'शी गेव्ह आउट टू हिम'. लंडनच्या माणसाला हे वाक्य ऐकवलं तर तो विचारेल, आईनं पोराला काय वाटून दिलं? जाहीर करण्यापासून रागावण्यापर्यंत हे क्रियापद कसं चालत आलं, हे मला शोधायचं होतं.

बाईंनी त्याचं उत्तर आधीच देऊन टाकलं होतं, चांगल्या जाड पुस्तकात. आयरिश भाषेत रागावण्याला 'बाहेर देणं' असंच म्हणतात. लोक आयरिश सोडून इंग्रजी बोलू लागले तेव्हा तो साचा त्यांनी सोबत आणला, बस्स. माझ्या प्रकरणात मीही हेच लिहिलं होतं, जरा सजवून. आमच्याकडे गाईडचं मत प्रबंधात आदरानं उतरवायचं असतं. शिवाय गुरूकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून दर भेटीला बेसनाचे लाडू. बाकीची मुलं त्यांना नुसतं 'नुआला' म्हणायची. माझ्या तोंडून 'प्रोफेसर' याखाली काही येईना.

ध्वनिमुद्रणाचीही तीच रड. समुद्रकाठच्या डून लेरीला चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी वयस्क मंडळी चहाला जमतात. बऱ्याच जणी तरुणपणी पश्चिमेकडच्या खेड्यांतून आलेल्या. मी माझं छोटं यंत्र घेऊन तिथे जायची. आमच्या कामाचा एक नियम आहे, शब्दाबद्दल थेट विचारायचं नाही. विचारलं की माणसं जपून बोलतात. शाळेबद्दल विचारायचं, आईबद्दल विचारायचं, आणि शब्द आपण होऊन येण्याची वाट बघायची. पण पाहुण्या बाईपुढे कुणी घरातलं काढतं का? शाळेतल्या बाई? देवमाणूस. आई? संतच. अख्ख्या आयर्लंडमध्ये कुणी कुणाला कधी रागावलंच नव्हतं.

एप्रिलमध्ये सासूबाई आल्या. प्रभाबाई, मुक्काम कऱ्हाड. त्यांना घरी एकटं ठेवता येईना, म्हणून एका गुरुवारी मी त्यांना सोबत नेलं. साडीवर गुरुनाथचा जाड स्वेटर घालून त्या कोपऱ्यात बसल्या. तासाभरानं मी त्यांना म्हटलं, "आई, अजून थोडा वेळ हं. आणि पुढच्या आठवड्यात दोनदा यावं लागेल."

झालं. सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि उभ्या राहिल्या.

"दोनदा? आगं, चाळिशी आली तुजी! दुसऱ्याच्या म्हाताऱ्या गाठून त्येंची बोलनी जमवत हिंडतीस. म्या आल्यापास्नं त्या बाईला लाडू कोन करतंय? म्या! बेसन भाजून भाजून खांदा गळाला माजा. आन ती काय करती? छान छान म्हनती, चा पाजती, घालवती! पावनी म्हनून बसवलीया तुला तिनं, आन तू लागलीस नाचायला! आज म्या तुला सुनावनार हाय, चारजनींच्या म्होरं सुनावनार हाय!"

आणि सुनावलं. माझी कानशिलं तापली. मराठी एकीलाही कळत नव्हतं आणि सगळ्यांना सगळं कळलं होतं.

तेवढ्यात पश्चिमेकडच्या मेयोच्या ब्रायडी आजी काठी आपटून म्हणाल्या, "बाई गं, पुरे कर! स्टॉप गिव्हिंग आउट टू द गर्ल!"

आणि बांध फुटला. एक म्हणाली, माझी सासू अशीच, दारात उभी राहून 'गिव्ह आउट' करायची, शेजारच्या शेताला ऐकू जाईल असं. दुसरीची आई रविवारी चर्चमधून बाहेर पडल्यावर, सगळा गाव गोळा झालेला असताना. तिसरीला मास्तरीणबाईंनी बाजारात, गाईच्या सौद्याच्या मध्येच. एरवी संत असलेल्या सगळ्या आया त्या दुपारी धडाधड खाली उतरल्या. यंत्र सुरू होतं. सासूबाई एव्हाना ब्रायडींशेजारी बसून मान डोलावत होत्या, आणि ब्रायडी त्यांच्या हातावर थोपटत होत्या.

परतीच्या गाडीत सासूबाई समुद्राकडे तोंड करून बसल्या. बोलल्याचा पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. मला राग आला होता, नाही कसा येणार? पण त्याहून मोठा आनंद झाला होता. ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीत लोक होते. दार, बाजार, चर्चचं अंगण. हे नुसतं रागावणं नव्हतं, हे लोकांच्या कानावर घालून रागावणं होतं. मग त्या जुन्या इंग्रजी 'जाहीर करण्या'नं या अर्थाला हात दिलाच नाही, असं कसं म्हणायचं? आमचं 'सुनावणं' तरी काय आहे? आधी नुसतं ऐकवणं, मग खरडपट्टी काढणं. मराठीला काही कुणी आयरिशचा साचा आणून दिला नव्हता. आयरिश साचा खरा असेलही, पण तो एकटा नव्हता. बाईंचं उत्तर अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं माझ्याकडे होतं.

राहता राहिलं सासूबाईंचं ते एक वाक्य. पावनी म्हनून बसवलीया. ते मात्र मला घरी पोचेपर्यंत टोचत राहिलं, कारण ते खरं होतं.

मी प्रकरण मुळापासून नव्यानं लिहिलं. गुरुनाथनं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "गाईडच्या विरुद्ध? जूनच्या तोंडावर? ॲट लीस्ट लाडू तरी घेऊन जा गं."

"लाडू बंद," मी म्हटलं.

बाईंनी ते माझ्यासमोरच वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवून लाल पेन उचललं. सातव्या पानावर मान वर केली. "हे काय आहे?"

"तुमच्या मताला माझा आक्षेप आहे."

"ते दिसतंय मला. पुरावा कुठाय? सुनावणं! परीक्षकांना मराठी येतं का? दुसऱ्या भाषेत तसं घडलं म्हणून इथेही घडलं? एका हॉलमधल्या एका दुपारवर पाच शतकं उभी करतेस? तारखा कुठायत?"

"तारखा दोन्हीकडे कमी आहेत," मी म्हटलं. "तुमच्या पुस्तकातसुद्धा."

मग जे सुरू झालं, ते खाली दारावरच्या पोर्टरपर्यंत ऐकू गेलं असणार. माझी मांडणी ढिसाळ, तळटीपा आळशी, चौथा मुद्दा तर लाज वाटावी असा. मुद्दा चांगला होता म्हणून तर त्याची अशी माती केल्याचा त्यांना जास्त संताप. आणि इतके महिने काय करत होते मी? इतके महिने त्यांचंच पुस्तक त्यांना वाचून दाखवत होते? त्यांना काय स्वतःचं पुस्तक पाठ नव्हतं? इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, तरी त्या दिवशी मला स्वच्छ 'तू' ऐकू येत होतं. मीही गप्प बसले नाही. दोन मुद्दे सोडले, तिसरा सोडला नाही. बाईंनी टेबलावर हात आपटला, मी नुसता टेकवला.

शेवटी त्या दमल्या. कागद माझ्याकडे ढकलले. लाल शाईनं पानं भिजली होती.

"सोमवारी सकाळी. सगळं पुन्हा. जूनमध्ये तुला घेतलं तर पुढची चार वर्षं मला ही हुज्जत रोज घालायला लागणार आहे, कळतंय का तुला?"

"कळतंय, नुआला," मी म्हटलं.

बाहेर बसस्टॉपवर आले आणि मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन. रांगेतल्या एका बाईनं रुमाल पुढे केला, तो मी घेतला. तशातच गुरुनाथचा फोन आला.

"काय झालं? रागावल्या का?"

"हो रे. खूप. धुऊन काढलं अगदी."

"जाऊ दे गं. नको टेन्शन घेऊस. बघू आपण दुसरं काहीतरी."

"तू गप रे जरा," मी नाक पुसत म्हटलं. "घेतायत मला."