सिद्दीकभाईचा आवाज

“परत घरघर आली,” सिद्दीक म्हणाला आणि त्याने कॅसेट मागे फिरवली.

टेपमधून त्याचाच आवाज आला, ‘दौंडकरांनो, येत्या रविवारी आपल्या बाळाला पोलिओचा डोस...’ आणि पुढचे शब्द घरघरीत बुडाले. रूळ घरामागे, दोन शेतं सोडून. मालगाडी गेली की जमीन थरथरे, जमिनीबरोबर टेबल, टेबलाबरोबर माईकचा स्टँड. कानाला गाडी लांबची वाटे. माईकला मात्र ती पोटात शिरल्यासारखी ऐकू येई.

सिद्दीक तरुणपणापासून रिक्षाला कर्णा बांधून गावभर पुकारत आला होता. नळाचं पाणी बंद, शोकसभा, कुस्त्यांचा फड, हरवलेली पोरं, सगळं त्याच्याच तोंडून दौंडला कळायचं. आता घशात गाठ निघाली होती. उद्या पुण्यात ऑपरेशन, स्वरयंत्र काढणार. नेहमीचे पुकारे आजच भरून ठेवायचे होते. पण आवाज आधीच चिरकत होता, आणि वाया गेलेला प्रत्येक पुकारा उरलेल्यातलं थोडं घेऊन जात होता.

“अवो, गाड्या थांबूस्तोवर दम खावा की,” त्याची बायको सुलतानबी म्हणाली.

“दौंडात गाड्या थांबत्यात व्हय कवा? आन् माझा गळा थांबंल का?”

त्याने स्टँडखाली गोधडीची घडी घातली. टेपच्या मोटरनेही टेबल हलत होतं, म्हणून टेप खाटेवर ठेवला. पुन्हा बोलला. पुन्हा ऐकलं. घरघर कमी झाली होती, गेली नव्हती. त्याला खोकल्याची उबळ आली. रुमालाला रक्त लागलेलं सुलतानबीने पाहिलं; त्यानेही तिला पाहताना पाहिलं.

“ह्या माईकला कशाचाच टेकू द्यायचा न्हाई,” तो कुजबुजला. “अधांतरी टांगायचा. एखादं कडं पायजे.”

सुलतानबीने पिठाची चाळणी आणली. “जाळी फाडा.”

“आन् पीठ?”

“फडक्यानं गाळीन.”

त्याने जाळी काढली, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कड्याला आडव्या-उभ्या ताणून बांधल्या आणि मधोमध माईक अडकवला. कडं स्टँडला बांधलं. पुढची मालगाडी आली. स्टँड हलला, माईक रबरावर नुसता झुलला. दोघं टेपवर वाकून ऐकू लागली. लांबून शिट्टी तेवढी आली. शब्द स्वच्छ होते.

मग तो थांबलाच नाही. पाणी, पोलिओ, शोकसभा, आठवड्याचा बाजार. शेवटी आवाज नुसता खरखरला.

“घरासाठी कायबी बोलला न्हाईत,” सुलतानबी म्हणाली.

टेप अजून चालूच होता. सिद्दीक पुन्हा माईककडे वाकला.

“सुलतानबी, चहा टाक,” तो म्हणाला.

ती हसली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर मलमलीचा तुकडा. बरं वाटू लागताच तो पुन्हा पुकाऱ्याची रिक्षा चालवणाऱ्या मच्छिंद्रशेजारी बसू लागला. कॅसेट बोलायची, तो कर्ण्याचं तोंड वळवायचा.

एका बाजारच्या दिवशी एक बाई धावत रिक्षाला आडवी आली.

“माझा सुमित दिसंना! आत्ता हितंच व्हता! सिद्दीकभाई, पुकारा की!”

मच्छिंद्रने कॅसेट बंद केली. सिद्दीकने तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. बाईचं लक्ष त्याच्या गळ्यावरच्या मलमलीकडे गेलं.

कॅसेटमध्ये सुमितचं नाव नव्हतं. सिद्दीकने माईक काढून तिच्या हातात दिला. तिचा हात इतका कापत होता की कर्ण्यातून नुसती खडखड येऊ लागली. त्याने तिच्या हातावर स्वतःचा हात ठेवला आणि माईक घट्ट धरला.

“सुमित! आरं बाळा, रिक्षापाशी ये! आई हितं हाय!”

थोड्या वेळाने कांद्याच्या बाजूने एक हमाल पोराला खांद्यावर घेऊन आला. तिने पोराच्या पाठीत धपाटा घातला, मग त्याला छातीशी धरलं आणि मागे न बघता गर्दीत शिरली.

माईक सिद्दीकच्या हातात, छातीपाशी तसाच राहिला होता. कर्ण्यातून कसलीतरी सूं सूं येऊ लागली. भाजीवाल्या वर बघू लागल्या.

“भाई, माईक चालू हाय,” मच्छिंद्र हळूच म्हणाला.

गळ्यातून येणारा त्याचा श्वास सगळ्या बाजारभर ऐकू जात होता. सिद्दीकने तो थोडा वेळ ऐकला, आणि मग खटका बंद केला.