ठकीला कोण सांभाळणार?

ठकीचा उजवा बूट डाव्या पायात चढवून बंद लावून झाला, तेव्हा कुठे तिच्या आईच्या लक्षात आलं. तोवर पाळणाघराच्या ताई बोलून मोकळ्या झाल्या होत्या.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, पुढच्या महिन्यापासून फी वाढवावी लागतेय. जवळजवळ दीडपट."

तिनं बूट परत काढला. ठकीनं ती संधी साधून पायमोजाही काढला आणि खुंट्यांवरच्या छोट्या पिशव्यांच्या दिशेनं भिरकावून दिला. तो आणायला दोघी एकदमच वाकल्या.

"माझ्या दोन्ही मदतनीस मुली गेल्या," ताई खालीच बसून म्हणाल्या. "त्या मोठ्या दुकानात लागल्या. फळीवर डबे रचायला इथल्यापेक्षा जास्त मिळतात. आणि डबे रडत नाहीत."

"खरंय."

"नवीन माणसं ठेवायची तर पगार वाढवायला हवा. तो कुठून आणू? खरं सांगू, माझी मुलं आज लहान असती ना, तर मला त्यांना इथं ठेवणं परवडलं नसतं."

आपल्याच बोलण्याचं ताईंना हसू आलं. मग उठताना त्यांनी सांगितलं, की पाळणाघरांची निम्मी फी नगरपालिकेनं भरावी असा एक प्रस्ताव आलाय. शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात त्यावर लोकांचं म्हणणं ऐकणार आहेत. "या. तुमच्यासारख्यांनी यायला हवं."

ठकीला कडेवर घेऊन ती बाहेर पडली. अंगावर बसचालकाचा गणवेश तसाच होता. शहर बस ती लग्नाच्या आधीपासून चालवत होती, आणि याच आठवड्यात तिचं नाव जोडबसच्या प्रशिक्षणासाठी निघालं होतं. जोडबस म्हणजे मध्ये भाता असलेली ती लांबलचक बस. वळणावर तिचं शेपूट कसं आवरायचं याचा विचार करत ती सकाळी कामावर गेली होती. आता घरी जाताना डोक्यात दुसरंच वळण होतं.

नवरा ओट्यापाशी गाजरं चिरत होता. फ्रिज दुरुस्तीची त्याची कामं दुपारीच आटोपली होती. तिनं फीचं सांगितलं तशी त्याची सुरी थांबली.

"म्हणजे तुझा अर्धा पगार पाळणाघरात. आणखी एक मूल झालं तर तू फुकट बस चालवणार."

"माझाच पगार का?"

"म्हणजे?"

"फी माझ्याच पगारातून का वजा करायची? ठकीला काय मी एकटीनं आणलंय?"

त्यानं आणखी एक गाजर चिरलं. मग हळूच म्हणाला, "बरं. माझा अर्धा पगार पाळणाघरात." पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. "अगं, हे ऐकायला फारच वाईट वाटतं."

ती हसली. तोही हसला. जमिनीवर बसलेल्या ठकीला कशाचाच पत्ता नव्हता, पण मागं राहायचं नाही म्हणून तीही खिदळली.

"आईला विचारायचं?" तो म्हणाला.

"विचारू."

एवढंच बोलणं झालं. पण रात्री अंथरूण घालताना तिला वाटलं, प्रश्न सुटलाच जवळपास. जोडबसचं शेपूट पुन्हा तिच्या डोळ्यांपुढे वळू लागलं.

दुसऱ्या दिवशी, सुटी होती म्हणून, तिघं तिच्या सासरी गेली. सासूबाई खिडकीतल्या उजेडात बसून सुईनं बोटातला काटा काढत होत्या. गावाबाहेरच्या रोपवाटिकेत त्या गुलाबांची कलमं बांधत. तिन्ही मुलं मार्गी लागल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या तिथं नुसत्या तण काढायला म्हणून लागल्या होत्या. आज गुलाबांचा अख्खा विभाग त्यांच्या हाताखाली होता. त्यांनी बांधलेलं कलम सहसा वाया जात नाही, असं तिथले लोक म्हणत.

मुलानं प्रश्न पुरता मांडलाही नव्हता, तोच सासऱ्यांनी उत्तर देऊन टाकलं.

"पैसे कशाला घालवायचे? घरात आजी काय शोभेला आहे?"

"मला नाही जमायचं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नव्हती. काटा निघाला, त्यांनी तो कागदावर ठेवला.

ठकी टेबलाखाली जाऊन एका खुर्चीशी भांडत होती.

"रविवारी ठकी माझी," सासूबाईंनी सुई गुंडाळून ठेवली. "शनिवारी रात्री हवी तर आणून सोडा. पण रोज नाही. कलमं बांधायचे दिवस सुरू झालेत. ते संपले की छाटणीचे. ते संपले की..." त्या हसल्या. "ते संपतच नाहीत. म्हणून तर आवडतं मला."

"वा! नातीपेक्षा गुलाब मोठे झाले?" सासरे म्हणाले.

"मोठे नाहीत झाले. माझे झालेत."

सून आपल्या कपातल्या चहावरची साय चमच्यानं बाजूला करत राहिली. ती करून झाली तरी चमचा फिरतच होता. विषय बदलावा म्हणून नवऱ्यानं शनिवारच्या सभेचं काढलं, आणि आगीतून फुफाट्यात पडला.

"सरकारनं पोरं सांभाळायची?" सासऱ्यांनी कप आपटला. "मग आईबापांनी काय करायचं? ज्यानं मूल आणलं त्यानं निस्तरावं. आम्ही गेलो होतो कुणाच्या दारात?"

"अहो," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही उभा जन्म या गावाला सरकारी पाणीच पाजलंत ना?"

सासरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. कुठल्या गल्लीखालून कुठली नळी जाते हे अजूनही त्यांना तोंडपाठ होतं.

"मग?"

"तेव्हा नाही म्हणालात, ज्याला तहान लागली त्यानं विहीर खणावी."

"पाणी सगळ्यांना लागतं!"

"हो. आणि लहान कोण नव्हतं?"

सासऱ्यांचा आवाज आणखी चढला. "मी जाणार सभेला. आणि उठून बोलणार."

"जा की. मीही येते. बोलताना तुम्ही छान दिसता."

घरी परतताना नवऱ्यानं विचारलं, "आईवर रागावलीस?"

"रागवायचं होतं," ती म्हणाली. "पण जमतच नाहीये."

शनिवारी सभागृह भरलं होतं. मागच्या खुर्च्यांवर बरीच मुलं आपापल्या आयांच्या मांडीवर चुळबुळत होती. नगरपालिकेच्या अध्यक्षबाई मान तिरकी करून एकेकाचं ऐकत होत्या. चष्म्याचे एक दुकानदार उठून म्हणाले, "मला मूल नाही, बाळ नाही. माझ्या करातून इतरांच्या पोरांची फी का जावी?" त्यावर पाळणाघराच्या ताई जागेवरूनच म्हणाल्या, "तुमचं दुकान सकाळी जी उघडते ना, ती तिचा मुलगा माझ्याकडे ठेवून येते." दुकानदार "हो का?" म्हणाले आणि बसले. मग एक तरुण बाप उठला. फी निम्मी दिली तर पाळणाघरवाले उरलेली दुप्पट करणार नाहीत कशावरून, असा त्याचा सवाल होता. तोही काही खोटा नव्हता. बराच वेळ त्यावरच घोळ चालला.

शेवटी सासरे उठले. खरंच छान दिसत होते. शर्टाला कडक इस्त्री, आवाज खणखणीत.

"आम्ही तीन मुलं वाढवली. तिन्ही आपल्या पायांवर उभी आहेत. सरकारकडून एक छदाम घेतला नाही. पाळणाघराचं तोंड पाहिलं नाही. आणि मुलांपायी मी कामावर एक दिवस खाडा केला नाही!"

टाळ्या वाजल्या. सून ठकीच्या केसांत अडकलेला खाऊचा चुरा वेचत होती. तिनं वर पाहिलं नाही.

अध्यक्षबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग तुम्ही कामावर असताना मुलं कोण सांभाळायचं?"

"घरीच असायची. ही सांभाळायची." सासऱ्यांनी शेजारी हात केला.

"तुम्हाला काही बोलायचंय, बाई?"

सासूबाईंना बोलायचं नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. पण सगळ्यांच्या माना वळल्या, तशा त्या उठल्या. हातात काही नसलं की बोटं कुठे ठेवावीत हे त्यांना कळत नसे. त्यांनी ती पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवली.

"हे बोलले ते खरंय," त्या म्हणाल्या. "मुलं मी सांभाळली. हौसेनं सांभाळली, त्याचं मला दुःख नाही. फक्त तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते, बहुतेक." त्यांनी मागं बसलेल्या आयांकडे पाहिलं. "आता या पोरींना विचारायची सोय होत असेल, तर होऊ द्या. माझं एवढंच."

आणि त्या बसल्या. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मागच्या बाजूला एक बाळ जोरात शिंकलं, तेवढाच काय तो आवाज झाला. अध्यक्षबाईंनी निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला.

बाहेर पडल्यावर चौघं आणि ठकी फुटपाथवरून चालू लागली. सासरे दोन पावलं पुढे. त्यांची पाठ बघून कुणाची बोलायची हिंमत होईना. फळवाल्याच्या दुकानापाशी ते अचानक वळले.

"आणि मला कुणी विचारलं?"

"काय, बाबा?" सुनेला कळेना.

"ठकीला सांभाळाल का म्हणून! त्या दिवशी सगळे हिच्याच तोंडाकडे बघत होतात. मी काय भिंत आहे? ही जाते रोपवाटिकेत. दिवसभर घरी असतो तो मी."

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही आमच्यातल्या कुणाची कधी दुपटी तरी बदललीत का?"

"नाही बदलली. शिकेन. तुझी आई नाही या वयात कलमं शिकली?"

सासूबाई फळवाल्याकडची संत्री निवडू लागल्या. एरवी त्या कधी इतका वेळ संत्री निवडत नसत.

असं ठरलं, की आठवड्यातले तीन दिवस ठकी आजोबांकडे राहील आणि उरलेले दिवस पाळणाघरात. तेवढी फी झेपण्यासारखी होती. सुनेनं जोडबसच्या प्रशिक्षणाला होकार कळवला. पहिल्याच दिवशी तिनं वळणावरचा एक प्लास्टिकचा खांब आडवा केला. शिकवणाऱ्यानं सांगितलं, पहिल्या दिवशी सगळेच करतात.

तिकडे आजोबांचंही शिक्षण सुरू होतं. ठकीला काय खायला आवडतं ते त्यांनी सुनेला विचारून घेतलं, आणि ते ठकीला त्याच दिवसापासून आवडेनासं झालं. दुपारी ती झोपते असं त्यांना सांगण्यात आलं होतं. पण झोपायचे ते. ठकी त्यांच्या पोटावर बसून त्यांच्या पापण्या उघडून बघायची. बागेत जाता-येता मात्र दोघांचं जमलं. रस्त्यातल्या प्रत्येक लोखंडी झाकणापाशी थांबून खालून पाणी कुठे जातं हे ते तिला समजावून सांगत. तिला पाणी हा शब्द नीट येऊ लागला. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा त्यांनी रोपवाटिकेत फोन करून सासूबाईंना कामावरून बोलावून घेतलं, आणि ठकीनं अर्थातच तोंड घट्ट मिटून घेतलं.

एका दुपारी सून तिला न्यायला आली, तर सासरे स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले होते, भिंतीला टेकून. डोक्यावर चाळण. समोर ठकी एकेक चमचा त्यांच्या खिशात भरत होती.

"दमलात, बाबा?"

"छे." मग थोड्या वेळानं, "ही एकटी आहे. हिच्या आजीकडे तर तीन होती."

सून ठकीचा डबा भरू लागली.

"आणि संध्याकाळी मी आलो की विचारायचो, आज दिवसभर काय केलंस? रोज विचारायचो. गंमत म्हणून."

त्यांनी डोक्यावरची चाळण काढली, हातात धरून जराशी फिरवली आणि पुन्हा डोक्यावर घातली, कारण ठकी रडण्याच्या बेतात आली होती. सुनेनं चहाचं आधण ठेवलं.

नगरपालिकेची पुढची बैठक आली त्या दिवशी सुनेची साधीच बस होती, नेहमीच्या मार्गावरची. दोन थांब्यांनंतर दार उघडलं तर सासरे. कडक इस्त्रीचा शर्ट, त्यावर खांद्याला ठकीच्या लाळेचा ओला डाग. ठकी कडेवर.

"आज बोलणार आहात, बाबा?" तिनं विचारलं.

"बघू."

"काय बोलणार?"

"तू समोर बघ. चालकानं बोलायचं नसतं."

ते दारामागच्या पहिल्या सीटवर बसले. तिला आरशात दिसत होतं, त्यांचे ओठ हलत होते. एखादं वाक्य म्हणायचे, मान हलवायचे, पुन्हा म्हणायचे. मांडीवरची ठकी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. इंजिनाच्या घरघरीत सुनेला एक शब्द ऐकू आला नाही. विचारावंसं फार वाटलं, पण ती समोर बघत राहिली.

वाचनालयाच्या थांब्यावर तिनं बस अलगद टेकवली. अध्यक्षबाई पायऱ्यांपाशीच उभ्या होत्या. त्यांनी सासऱ्यांना ओळखलं, कडेवरच्या ठकीकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे बसच्या दारात कुणी उतरतंय का ते पाहिलं.

"आज बाई नाही आल्या तुमच्याबरोबर?"

"नाही," ठकीला या हातावरून त्या हातावर घेत सासरे म्हणाले, "ती कामावर गेलीय."

आणि ते पायऱ्या चढू लागले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तेव्हा सुनेनं दार बंद केलं.